पहाट की रात्र? एलएलबी करणाऱ्या आईचा हिशेब

तीन वर्षांच्या एलएलबीला ७०% हजेरी लागते, म्हणजे कॉलेज चुकत नाही. निवडायची ती घरच्या अभ्यासाची वेळ.

रात्री लेक झोपली की घर शांत, पण माझेही डोळे मिटतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ तीनदा वाचलं आणि वहीवर पेनाची रेघ ओढत झोपले.

पहाटे साडेचारला डोकं ताजं असतं. धोका एकच, कुकरची शिट्टी! लेक उठते, मग 'गप्प बसलीस तर चॉकलेट' असा करार. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात ठरलंय. लेक मात्र वसुली चोख करते.

माझं मत पहाटेलाच. सासूबाई डबा करतात त्या आठवड्यात रात्रही चालते.