कोर्ट की लवाद, लंडन की सिंगापूर? परदेशी करारातलं शेवटचं कलम भरताना

परदेशी पार्टीबरोबर करार करताना सगळे किंमतीवर, डिलिव्हरीवर, पेमेंटच्या अटींवर चार-चार दिवस घासाघीस करतात आणि वाद झाला तर कुठे जायचं हे कलम मात्र रात्री अकरा वाजता कुठल्यातरी जुन्या करारातून कॉपी-पेस्ट होतं. वकील लोक याला मिडनाइट क्लॉज म्हणतात. मीही हे पाप केलंय. एका करारात ओळ होती, 'वाद झाल्यास लवाद लंडन किंवा सिंगापूर येथे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होईल'. वाचायला छान वाटतं ना? आम्ही लंडनची नोटीस पाठवली, समोरच्याने सिंगापूर म्हटलं. मग कुठल्या संस्थेचे नियम, लवाद (म्हणजे कोर्टाऐवजी वाद ऐकणारे, दोन्ही बाजूंनी मानलेले पंच; त्या प्रक्रियेलाही लवादच म्हणतात) एक की तीन, ते नेमणार कोण, काहीच लिहिलेलं नाही. मूळ पैशांबद्दल एक शब्द निघायच्या आधी कित्येक महिने त्या एका 'किंवा'त गेले आणि शेवटी कंटाळून आम्ही कमी रकमेवर तडजोड केली. म्हणून आता मी करार शेवटच्या कलमापासून वाचतो, आणि २०२५ मध्ये या विषयात इतकं काही बदललंय की जुना क्लॉज तसाच चिकटवायचा असेल तर आधी हे वाचा.

पहिला प्रश्न कोणता देश भारी हा नाहीच. समोरच्याचा पैसा कुठे आहे, बँक खाती, गोदाम, जहाज, येणी, हे आधी बघायचं. निकाल हातात आला तरी तो जिथे मालमत्ता आहे तिथलं कोर्ट मानणार का, सगळा खेळ यावर आहे.

इथे लवाद वर्षानुवर्षं पुढे होता. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आता १७० पेक्षा जास्त देश आहेत. लवादाचा निवाडा घेऊन त्यातल्या कुठल्याही देशात गेलात तर तिथलं कोर्ट पाचव्या कलमातली मोजकी कारणं सापडली तरच नाही म्हणू शकतं, जसं की नोटीसच मिळाली नव्हती, लवाद अधिकाराबाहेर गेले, किंवा तिथल्या सार्वजनिक धोरणाला बाध येते. निवाडा बरोबर आहे का चूक यात ते कोर्ट पडत नाही. कोर्टाच्या निकालाला असा जगभर चालणारा पास कधीच नव्हता.

पण हे चित्र हळूहळू बदलतंय. २००५ चा हेग करार आहे, त्यात करारात 'फक्त अमुक देशाचंच कोर्ट' असं लिहिलेलं असेल तर तो निकाल बाकीचे सदस्य देश मानतात. युरोपियन युनियन, ब्रिटन, सिंगापूर त्यात आहेत, अमेरिका आणि चीनने सही करून ठेवलीय पण पुढे काही केलेलं नाही. आणि मग २०१९ चा दुसरा हेग करार, ज्यात 'फक्त' नसलेली कलमंही बसतात. तो युरोपियन युनियनमध्ये १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला आणि ब्रिटनमध्ये १ जुलै २०२५ ला. ब्रेक्झिटनंतर लंडनचा निकाल पॅरिसमध्ये किंवा उलट वसूल करायचा म्हणजे प्रत्येक देशाचा स्थानिक कायदा उघडून बसायचं, तो खड्डा यामुळे बराचसा भरला. फक्त लक्षात ठेवा, हा करार दोन्ही देशांत लागू झाल्यानंतर दाखल झालेल्या केसेसनाच लागतो आणि मालवाहतुकीचे वाद यातून चक्क वगळलेत, त्यामुळे जहाजी भाड्यावरून भांडण असेल तर याच्या भरवशावर राहू नका.

मग कोर्ट कधी घ्यायचं? माझं सरळ मत, समोरच्याची मालमत्ता ब्रिटन-युरोपात असेल आणि वाद 'माल दिला, बिल थकलं' एवढाच होणार असेल तर कोर्ट. न्यायाधीशाची तासाची फी आपल्याला भरावी लागत नाही, बचावात दम नसेल तर इंग्लंडमध्ये पूर्ण ट्रायलशिवाय समरी जजमेंट मिळू शकतं, वर अपील आहे, आणि साखळीतल्या तिसऱ्या कंपनीला ओढून आणता येतं. लवादात तिसऱ्याला आणायला त्याची संमती लागते आणि तो कशाला देईल. तोटा एवढाच की सगळं उघड्यावर येतं.

गुप्तता हे लवादाचं मोठं आकर्षण, पण तिला दुसरी बाजूही आहे. नायजेरियाचं प्रकरण बघा. २०१० चा गॅस प्लँटचा करार, प्लँट कधी उभाच राहिला नाही, तरी २०१७ मध्ये लंडनला बसलेल्या लवादांनी सरकारविरुद्ध ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा दिला, व्याज चढून तो ११ अब्जांवर गेला. बंद दाराआड. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने लाचखोरी आणि खोट्या पुराव्यामुळे तो निवाडा फसवणुकीतून मिळवलाय असं ठरवलं. लवादाचा निवाडा फिरवणं किती अवघड आहे हे यात दिसतं, आणि ज्या शहरात लवाद 'बसवलाय' तिथलं कोर्ट किती कामाचं आहे हेही.

आता इथे खूप जणांचा गोंधळ होतो. सीट म्हणजे सुनावणीचा हॉल नाही. सुनावणी झूमवर घ्या नाहीतर आणखी कुठे, सीट म्हणजे लवादाचं कायदेशीर घर, त्याच्यावर देखरेख करणारं कोर्ट कुठलं ते. आणि नियम कुठल्या संस्थेचे ही वेगळीच निवड आहे, लंडन सीट आणि सिंगापूरच्या संस्थेचे नियम असंही चालतं (हौस असेल तर).

लंडन. इथे नवा लवाद कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे, त्या दिवशी किंवा नंतर सुरू झालेल्या लवादांना. सगळ्यात कामाचा बदल असा की लवादाच्या कलमाला कुठला कायदा लागतो हा छळवादी प्रश्न मिटला. करारात स्पष्ट वेगळं लिहिलं नसेल तर सीटचा कायदा, बस. आणि 'हा करार अमुक कायद्याने चालेल' एवढं लिहिणं म्हणजे लवादाच्या कलमासाठी वेगळी निवड केली असं आता धरत नाहीत. ही बाब किती महाग पडते त्याचं ताजं उदाहरण युनिक्रेडिट बँकेचं. बँकेने दिलेल्या गॅरंटीला इंग्लिश कायदा, लवाद पॅरिसला, आणि रशियन कंपनी थेट रशियन कोर्टात गेली, कारण तिथे २०२० पासून निर्बंधांखालच्या कंपन्यांना तशी मुभा आहे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये रशियातली केस थांबवणारा मनाई हुकूम बँकेच्या बाजूने कायम केला, कारण कराराचा कायदा इंग्लिश म्हणजे लवादाचं कलमही इंग्लिश. नव्या कायद्याखाली तोच क्लॉज फ्रेंच ठरला असता. आणि गंमत पुढे आहे. रशियन कोर्टाने सांगितलं, तो हुकूम काढून घ्या नाहीतर २५ कोटी युरो भरा, आणि बँकेची मालमत्ता रशियात असल्यामुळे ती स्वतःच लंडनच्या कोर्टात हुकूम मागे घ्या म्हणायला गेली. जिंकलेला हुकूम स्वतःच्या हाताने परत! म्हणून म्हणतो मालमत्ता कुठे ते आधी बघा, आणि त्यात स्वतःचीही धरा.

नव्या कायद्यात अजून एक बरं झालंय, दम नसलेला दावा किंवा बचाव लवाद आता झटपट निकाली काढू शकतात, पूर्वी निवाड्याला कोर्टात आव्हान मिळेल या भीतीने ते कचरायचे. लवादांना मुळात अधिकारच नव्हता असं म्हणत कोर्टात सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावणंही अवघड केलंय. कायद्याच्या मुद्द्यावर अपीलाची वाट लंडनमध्ये आहे, संस्थेच्या नियमांनी ती बंद केली नसेल तर. विमा, जहाज, बँकिंगवाल्यांना ती हवी असते, बाकीच्यांना बहुतेक डोकेदुखी. लंडनच्या मुख्य संस्थेत लवादांची फी तासावर, त्यामुळे मोठी रक्कम पण सोपा वाद असेल तर स्वस्त, छोटी रक्कम आणि किचकट वाद असेल तर मीटर पळतच राहतो.

सिंगापूर. तिथल्या लवाद केंद्राच्या नियमांची सातवी आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून आलीय आणि छोट्या-मध्यम धंद्यासाठी मला तरी ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी बातमी वाटली. १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वादाला 'स्ट्रीमलाइन्ड' पद्धत आपोआप लागते, म्हणजे एकच लवाद, साधारणपणे कागदावरच निकाल, साक्षीदार नाही, सुनावणी नाही, लवाद नेमल्यापासून तीन महिन्यांत निवाडा आणि फीची कमाल मर्यादा निम्मी. त्याच्यावर १ कोटीपर्यंत सहा महिन्यांची एक्सपीडाइटेड, म्हणजे जलद पद्धत. फी दाव्याच्या रकमेवर, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधीच बांधता येतो. पैसे पळवले जातील अशी भीती असेल तर तातडीचा हुकूम देणारा इमर्जन्सी लवाद आहे, आता तर मुख्य नोटीस द्यायच्या आधीच अर्ज करता येतो. हे नको असेल तर, म्हणजे तुमचा वाद तांत्रिक असेल आणि साक्षीदाराशिवाय तुम्ही मेलात असं वाटत असेल तर क्लॉजमध्येच 'स्ट्रीमलाइन्ड लागू नाही' लिहून टाका, नंतर रडायचं नाही.

सिंगापूरचा कच्चा दुवा म्हणजे तो लवादाच्या कलमाच्या कायद्याचा प्रश्न. तिथली कोर्टं तीन पायऱ्यांनी बघतात, आधी स्पष्ट निवड, मग गर्भित (न लिहिलेली पण मनात असलेली) निवड आणि त्यात सुरुवात मुख्य कराराच्या कायद्यापासून, मग जवळचा संबंध. म्हणजे लंडनच्या नेमकं उलट उत्तर निघू शकतं. उपाय एका ओळीचा आहे, खाली देतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. समोरच्याची मालमत्ता चीनच्या मुख्य भूमीवर असेल तर हाँगकाँग, कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून तिथल्या ठरावीक संस्थांच्या लवादासाठी चीनच्या कोर्टातून अंतरिम जप्ती मागता येते, ही सोय ना लंडनला ना सिंगापूरला. दुबईचा जुना क्लॉज कुणाकडे पडला असेल तर बघून घ्या, सप्टेंबर २०२१ मध्ये तिथलं डीआयएफसी-एलसीआयए नावाचं लवाद केंद्र एका हुकुमाने गुंडाळलं गेलं आणि काम दुसऱ्या केंद्राकडे दिलं, पण जुन्या करारात नाव तेच राहिल्याने अमेरिकेतल्या कोर्टांपर्यंत वाद गेले.

तर माझी निवड अशी. साधा माल-पुरवठा, रक्कम बेताची, समोरचा आशियात, तर सिंगापूर. जहाज, विमा, कर्ज, इंग्लिश कायद्याचा करार, तर लंडन. युरोपातली साधी थकबाकी, तर कोर्ट आणि त्यात 'फक्त' हा शब्द न विसरता.

लवाद घेणार असाल तर मी हल्ली एवढं लिहितो, आणि यात एकही 'किंवा' नसतो: 'या करारातून किंवा त्यासंबंधी' (बरं, हा एक सोडून) 'निघणारा कुठलाही वाद सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या त्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार लवादाने सुटेल. सीट सिंगापूर. लवाद एक. भाषा इंग्रजी. या लवादाच्या कलमाला सिंगापूरचा कायदा लागू.'