५५ अश्वशक्तीचा संगणकनियंत्रित ट्रॅक्टर : निपाणी भागातील दोन हंगामांचा अनुभव

गेले दोन हंगाम कर्नाटकातील निपाणीजवळच्या आमच्या काळ्या रानात संगणकनियंत्रित इंजिनाचा ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चालतो आहे. ५० अश्वशक्तीपुढील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे ‘ट्रेम ४’ निकष लागू झाले आणि या गटात जुन्या डिझेल पंपाची जागा कॉमन रेल इंजिनाने घेतली. पल्टी नांगर, मोठा रोटाव्हेटर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ही तिन्ही कामे ज्यांना एकाच ट्रॅक्टरवर करायची आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जुन्या ट्रॅक्टरचा पंप इंजिनाबरोबर फिरे आणि त्याच गतीने नोझलला डिझेल पुरवी. या इंजिनात डिझेल १००० बारपेक्षा अधिक दाबाने एका सामाईक नळीत (हीच ‘कॉमन रेल’) तयार असते, आणि फेरे, तापमान, हवेचा दाब व चालकाने दाबलेला ॲक्सिलरेटर यांची माहिती सेन्सरकडून घेऊन ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक प्रत्येक नोझल कधी व किती वेळ उघडायचे हे ठरवतो. याचा फरक खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मोडताना सर्वाधिक जाणवतो. चिवट जागा आली की आमचा जुना ट्रॅक्टर काळा धूर सोडून दबत असे आणि गिअर उतरवावा लागे. हा मात्र फेरे सांभाळून तशाच चालीने पुढे जातो. नांगरटीत डिझेलची बचत स्पष्ट दिसली, वाहतुकीत फारशी नाही. मोबाइल ॲपवर ट्रॅक्टरचे ठिकाण व चाललेले तास दिसत असल्याने भाड्याच्या कामाचा हिशेब करताना वाद होत नाही. यंत्र म्हणून मला हा ट्रॅक्टर मनापासून आवडला आहे.

तक्रार आहे ती दुरुस्तीच्या व्यवस्थेबद्दल. दुसऱ्या हंगामात, डिसेंबरमध्ये उसाचे गळीत भरात असताना, भरलेल्या ट्रॉल्या ओढताना इंजिनाची ताकद एकाएकी उतरली आणि पडद्यावर पिवळ्या दिव्यासह एक कोड आला. बिघाडाची शंका येताच संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो, आणि ते योग्यच आहे. मात्र आमची अनेक इंजिने उतरवून पुन्हा उभी केलेल्या गावच्या मिस्त्रींनी फिल्टर बदलला, टाकीखालचे पाणी काढले, तरी कोड जाईना. कारण तो वाचायला कंपनीचे सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लागतो आणि तो फक्त अधिकृत वर्कशॉपकडे असतो. याच कंपनीचे महाराष्ट्रातील वर्कशॉप आमच्यापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. परंतु वॉरंटीतील काम विक्री केलेल्या बेळगावच्या विक्रेत्यानेच करावे, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यांचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर ऊसतोड टोळी बसून राहिली, आणि तोडलेला ऊस जितका उशिरा कारखान्याच्या गव्हाणीत पडतो तितके त्याचे वजन घटते, हे इकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आलेला तंत्रज्ञ कुशल होता. दाबाच्या सेन्सरच्या जोडात चिखलाचे पाणी शिरले होते. त्याने जोड साफ केला, कोड पुसला आणि अर्ध्या तासाच्या आत ट्रॅक्टर पूर्ववत झाला. काय झाले होते, हेही त्याने कन्नडमिश्रित मराठीत नीट समजावले. अर्ध्या तासाच्या कामासाठी तीन दिवस गेले, याचेच मला अधिक दुःख आहे, कारण कोडचा अर्थ कळला असता तर तेच काम आमच्या मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी केले असते. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा २०२३ मध्ये केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमताना शेती अवजारांचा समावेश केला होता. कोड वाचण्याचे साधन वाजवी दरात गावच्या मिस्त्रींना मिळणे, ही माझ्या मते यातील पहिली गरज आहे.

त्यामुळे खरेदीपूर्वी किंमत व कर्जाचा हप्ता विचारतानाच, शोरूमकडे असे लॅपटॉप किती आहेत आणि गळिताच्या दिवसांत बांधावर कोण व किती वेळात येईल, हे लेखी घ्यावे. आम्ही आता जोडांवर रबरी आवरण बसवले असून पाणी वेगळे करणारा फिल्टर दर आठवड्याला मोकळा करतो. कोडचे अर्थ मराठी व कन्नडमध्ये द्यावेत, अशी मागणी मी विक्रेत्याकडे केली, तेव्हा त्यांनी मोजक्या कोडचा एक कागद दिला. आम्हाला आलेला कोड त्यात नव्हता. तो मी पेनाने खाली लिहून कागद शेडमध्ये चिकटवला आहे.