दारू सोडवायला पैसे भरण्याआधी हे वाचा

माझ्या दादाच्या बाबतीत झालं ते लिहितोय, कारण कोल्हापुरात अजून कुणाच्यातरी घरात हेच चालू असणार आणि लाजेपोटी ते कुणाला विचारणार नाहीत. आम्हीपण नाही विचारलं.

शहरातल्याच एका सेंटरनं सांगितलं की ॲडमिट करायची गरज नाही, आठवड्यातनं तीन दिवस तीन-तीन तास यायचं, सायकियाट्रिस्ट, काउन्सेलिंग, ग्रुप, घरच्यांची मीटिंग सगळं पॅकेजमध्ये, तीन महिन्यांचे ४५ हजार, आजच भरले तर ४०. वहिनीनं पाटल्या गहाण टाकून भरले.

डॉक्टर एकदाही दिसले नाहीत. ग्रुप म्हणजे दहा-बारा जणांनी खुर्च्यांवर बसून टीव्हीवर व्हिडिओ बघायचे. रक्त तपासलं नाही, रोज किती पितोस, शेवटची कधी घेतलीस हेसुद्धा कुणी विचारलं नाही. आजपासून थेंब नाही म्हणाले आणि पांढऱ्या कागदाच्या पुड्या दिल्या, त्यावर नाव नाही तारीख नाही, दुधातनं द्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की चहाचा कप बशीवर नुसता वाजत होता, बनियन घामानं चिंब. सेंटरला फोन केला तर म्हणाले विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. त्याच रात्री दीड वाजता फिट आली.

सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तपासतात, गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. पुड्यांत काय आहे विचारलं, आम्ही काय सांगणार?

घरी राहून उपचार होतात, ते खोटं नाही, पण कुणाला घरी ठेवायचं आणि कुणाला ॲडमिट करायचं हे डॉक्टरनं तपासून ठरवायला पाहिजे. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर बघा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारा, आणि सगळे पैसे आजच टाका म्हणाले तर सरळ उठून या. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ फुकट आहे, मला हे फार उशिरा कळलं.

पैसे परत मागितले तर पावतीमागं बारीक अक्षरात 'परत मिळणार नाहीत', आणि पुढं उपचार हा शब्दच नाही, 'सेवा शुल्क' एवढंच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय. दादा आता सीपीआरच्या ओपीडीला जातो, वहिनी सोबत असते. उरलेल्या अकरा पुड्या डब्यात बंद करून ठेवल्यात, मी टाकू दिल्या नाहीत.