खरखरीत अक्षरांची कार्डं: सात महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात ही कार्डं ४५० रुपयांना घेतली, तेव्हा लेक साडेचार वर्षांची होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं कोकणी आणि दारात पडणारं वर्तमानपत्र मराठी. गोव्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिला मराठी वाचता यावं म्हणून सगळा खटाटोप.

आधी गुणाचं सांगते. अक्षर पॉलिश पेपरचं कापून चिकटवलेलं आहे, त्यावर बोट फिरवायचं. पेन्सिल धरायला नाक मुरडणारी पोर बोट मात्र आवडीने फिरवायची. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत तिचा नेहमी गोंधळ. 'ध' आणि 'भ'च्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटते, हे मी तोंडाने दहादा सांगून उपयोग नव्हता. बोटाला ती खाच लागली आणि तिला पटलं. एवढ्यासाठी मी कार्डांना पैकीच्या पैकी देईन.

आता खोट. चित्र अक्षराच्या शेजारीच छापलंय. पंधरा दिवसांत बाईसाहेब सगळी कार्डं घडाघडा म्हणू लागल्या, मी आजीला फोन करून कौतुकही सांगितलं. मग सहज चित्रावर हात ठेवला, तर चिडीचूप. ती 'न' वाचतच नव्हती, नळ बघून बोलत होती. 'भ'च्या कार्डावर ताटातला भात आहे, तो बघून ती ठणकावून म्हणाली, "हें भात न्हय, शीत!" खरंच आहे तिचं, कोकणीत भात म्हणजे शेतातलं, शिजलं की शीत. मी सगळ्या चित्रांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. शिकवणं तिथून सुरू झालं.

सोबतच्या कागदात 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने म्हणून घ्या, असं लिहिलंय. तसं करू नका. त्या वाटेने 'ङ' आणि 'ञ' येतात, त्यांनी सुरू होणारा एकही शब्द पोराला सांगता येत नाही. मी न, क, म, र, ळ, घ एवढीच बाहेर काढली आणि जोडीला काना. नाक, कान, घर, काका, मका, नळ. आठवड्याभरात ती दोन अक्षरं जोडून शब्द म्हणू लागली, आणि पाच-सहा अक्षरांत शब्द होतो म्हटल्यावर उरलेली तिनेच मागून घेतली.

काना, मात्रा, वेलांटीची सुटी कार्डं या संचात नाहीत, ही मला मोठीच चूक वाटते. मी जुन्या लग्नपत्रिका कापून केली. पहिली वेलांटी तिने कितीतरी दिवस अक्षराच्या नंतर ठेवली. 'दिवा'त आधी 'द' ऐकू येतो, मग वेलांटी आधी का, हा तिचा प्रश्न. उत्तर माझ्याकडेही नाही, "तशीच लिहितात" म्हणून सुटले. 'चमचा' आणि 'चिमणी'तला च वेगळा, याचा मात्र त्रास झाला नाही, दोन्ही च कोकणीत तिच्या तोंडी होतेच.

जुलैत कार्डांना बुरशी आली. आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा टिकत नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत, कार्डं काढलीच नाहीत. माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीखाली बसून, नारळ, सुपारी, काकडी यांचा पहिला आवाज ओळखायचा खेळ खेळलो. त्यानेही बरंच काम झालं, फुकटात.

मोबाइलवरचं एक वाचनाचं अ‍ॅप आठवडाभर वापरलं. तिचे कोकणी हेल त्याला कळेनात, बरोबर वाचलं तरी "पुन्हा म्हण." ती रडली, मी अ‍ॅप काढून टाकलं. त्यापेक्षा प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्या छापून आणल्या. पानावर एखादंच वाक्य, चित्र मोठं. रोज दिवेलागणीनंतर दहा मिनिटं, जांभई आली की बंद.

गेल्या महिन्यात म्हापशाच्या स्टँडवर तिने बसची पाटी वाचली: "डि...चो...ली." मग माझ्याकडे वळून, "आनी आमचें दिवचल खंय बरयलां?" म्हणजे आपलं दिवचल कुठे लिहिलंय? डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात. पाठ असतं तर तिने दिवचलच म्हटलं असतं! ती अक्षरं वाचत होती. मी स्टँडवरच तिचा पापा घेतला.

शेजारच्या पाटीवर म्हापसा होतं. तिथे अडली. 'क्ष' आणि 'ज्ञ' सोडले तर संचात जोडाक्षराचं एकही कार्ड नाही, त्यामुळे 'म्ह'साठी पुन्हा लग्नपत्रिका कापायला घेतल्या आहेत.