कोलाडचं गळवाल्यांचं रिसॉर्ट पाडलंय, बुकिंगसाठी फोन करू नका

मॅपवर अजून 'सुरू आहे' असं दाखवतंय म्हणून हे लिहायला बसलो. परवा कुणीतरी तिथे विचारलंय की लाँग वीकेंडला दोन फॅमिलींसाठी रूम मिळेल का आणि स्विमिंग पूल आहे का. नाही मिळणार हो. रूमच नाहीयेत. गेल्या रविवारी मी स्वतः जाऊन आलो, पुढची ओसरी आणि स्वयंपाकघर गेलेलं, मागच्या चार खोल्यांवर जेसीबी चालू होता, आणि मंगलोरी कौलं एका बाजूला नीट रचून ठेवलेली, ती आधीच विकली गेलीत म्हणे. पूल तर कधीच नव्हता. नदी होती.

१४ वर्षं जातोय आणि एकदाही रिव्ह्यू लिहिला नाही, आळस, दुसरं काय. आता पाडल्यावर लिहितोय म्हणजे तेराव्याला जाऊन तब्येत कशी आहे विचारण्यातला प्रकार आहे, पण असो.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-गोवा हायवेवरनं कोलाडला आत भिऱ्याकडे वळायचं, मग एक कच्चा रस्ता खाली कुंडलिकेकडे. सहा खोल्या, एक लांब ओसरी, एक आंब्याचं झाड आणि पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. बस. बोर्ड इतका लहान होता की पहिल्या वेळी मी दोनदा पुढे निघून गेलो. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, स्वतः गळाचे वेडे, त्यामुळे सगळी व्यवस्था गळ टाकणाऱ्या माणसाला काय लागतं या हिशोबानं होती, बाकीच्यांनी आपलं बघून घ्यावं. उदाहरणार्थ पहाटे साडेचारला चहा मिळायचा, न मागता, पण दुपारी दोन ते चार कुणी हाक मारली तरी ओ द्यायचं नाही. गांडुळं ठेवायला मातीचं मडकं मिळायचं पण टॉवेल मागावा लागायचा. आमच्या हिला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिनं खोली बघितली, भिंतीला रॉड अडकवायच्या खुंट्या आठ आणि कपड्यांना एक, आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

खोल्यांना म्हणून पाचपैकी दोन. ओल यायची, गाद्या जुन्या, संडास बाहेर होता तो नंतर आत आणला पण दार लागायचं नाही नीट. आणि खरं सांगायचं तर शोषखड्डा नदीपासून वीस पावलांवर होता, हे मी तेव्हाही अण्णांना बोललो होतो, ते म्हणाले करू करू. केलं नाही.

जेवण पाच. वहिनी करायच्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, जानेवारीत गेलात तर मागच्या शेतात पोपटी लावायचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. आपण पकडलेला मासा करून द्यायच्या पण एका कुटुंबाला एकच, बाकीचे परत पाण्यात. यावर भांडणारे पुष्कळ पाहिले, एकजण तर म्हणाला की मी पैसे भरलेत, त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले पैसे खोलीचे भरलेत, नदीचे नाही. फक्त चिलापीला लिमिट नव्हतं, चिलापी कितीही काढा, तो मूळचा आफ्रिकेतला, इथल्या माशांच्या जागा खातो, त्याच्यावर कुणालाच दया नव्हती.

आता मेन गोष्ट, म्हणजे पाणी आणि मासे.

ही नदी साधी नाही. भिऱ्याला टाटांचं पॉवरहाऊस आहे १९२७ सालचं, त्याला पाणी येतं वरच्या मुळशी धरणातनं, तेच ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. म्हणजे बघा, मुळा नदीचं पाणी, जे भीमेतनं कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला जायचं, ते सह्याद्रीच्या या बाजूला खाली पाडून त्याची वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या एप्रिलमधे दगडगोटे दाखवत पडलेल्या असतात तेव्हा हिला पाणी असतं. राफ्टिंग त्यावरच चालतं. पण याचाच अर्थ असा की नदी घड्याळावर वाढते, आणि घड्याळ तुमच्या हातात नाही. साधारण सकाळी पाणी सोडतात पण वेळ पक्की कधीच नसते, आणि वर ऊन असतं, आकाश निळं असतं, आणि तुम्ही ज्या दगडावर गळ टाकून बसलाय त्याच्या भोवती बघता बघता धार लागते.

यासाठी तिथे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पायऱ्यांच्या समोर पाण्यात एक दगड होता, त्याला दर दिवाळीला चुना मारायचे. पाणी चुन्याला टेकलं की सगळ्यांनी वर यायचं, मासा गळाला असला तरी दोर कापून. दुसरी म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, शाळेत असायची तशी घंटा. ती वाजवायचं काम मामांचं.

मामा म्हणजे त्या रिसॉर्टचं खरं भांडवल. शेजारच्या वाडीतले, वय विचारलं की हसायचे. लहानपणापासून नदीत, रॉड-रील कधी हातात धरलं नाही, बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि थर्माकोलचा तरंगा. माझ्याकडे तेव्हा नवीन रील, तीन प्रकारचे लूअर म्हणजे खोटी आमिषं, हजारो रुपये घातलेले, आणि मामा शेजारी बसून कणकेच्या गोळ्यावर एकामागून एक मासे काढतायत. दोन दिवस मला काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "सायेब, तुमची सावली पान्यात पडतेय." एवढंच. बाजू बदलून बसलो आणि तासाभरात पहिली शिंगटी लागली.

त्या शिंगटीचाही किस्सा आहे. आनंदाच्या भरात मुठीत धरली, तिचा कल्ल्याजवळचा काटा तळहातात घुसला आणि मनगटापर्यंत आग आग. मी पेनकिलर शोधतोय तर मामांनी स्वयंपाकघरातनं सोसवेल एवढं गरम पाणी आणलं आणि हात बुडवून ठेवायला लावला. अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर. नंतर डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला बरोबर आहे, ते विष उष्णतेनं निकामी होतं. तेव्हापासून शिंगटी पक्कडीनंच सोडवतो.

मरळीचं त्यांच्याकडून शिकलो ते कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं. मरळ अधूनमधून वर येऊन हवा घेते, तो बुडबुडा नीट बघितला तर ती कुठे बसलीय ते कळतं. आणि कडेच्या गवताजवळ पाण्यात लालसर पिलांचा पुंजका फिरताना दिसला की त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात, अशा वेळी ते कशावरही झडप घालतात, म्हणजे पकडायला एकदम सोप्पे. तिथे गळ टाकायचा नाही. मी एकदा टाकला, माहीत असून, मोह झाला. मामा काही बोलले नाहीत, उठून दुसरीकडे जाऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चाळिशीतला माणूस मी, शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटलं.

मिरगाच्या पहिल्या पावसापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ बंद. त्या दिवसांत वलगणीचे मासे चढतात, गाभोळीनं भरलेले, ओढ्याओहोळातनं शेतात जातात अंडी घालायला. आजूबाजूच्या गावांत सगळे पकडतात, वलगणीचा मासा म्हणजे रायगडात सणच असतो, मीही खाल्लाय आणि चवीला तोड नाही, पण अण्णा रिसॉर्टच्या काठावर कुणाला बसू द्यायचे नाहीत. ऐन पावसाळ्यात, जेव्हा मुंबई-पुण्याची गर्दी येते, तेव्हा म्हणायचे गळ नाही मिळणार, यायचं तर भजी खायला या. यात त्यांचं किती नुकसान झालं असेल याचा हिशोब मुलांनी नंतर केला असणार.

एक गोष्ट मात्र राहिली. मामा सांगायचे की वर रवाळज्याच्या बाजूला पूर्वी खडस असायचे, मांडीएवढे. खडस म्हणजे महसीर. महसीर मी पाहिलेत ते महाडजवळ वाळण कोंडात, तिथे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही, कुरमुरे टाकले की हातभर मासे वर येतात. इथे कुंडलिकेत १४ वर्षांत एकही दिसला नाही. दर ट्रिपला मामांना विचारायचो आणि दर वेळी ते म्हणायचे, "आवंदा येल." मला वाटतं हे गिऱ्हाईक टिकवायचं त्यांचं तंत्र असणार.

वाईट दिवसही होते. २०१७ च्या मार्चमधे भिऱ्याचं तापमान ४६.५ म्हणून बातम्यांत आलं ना, त्या आठवड्यात मी तिथे होतो. आकडा बरोबर का चूक ते हवामानवाल्यांनी ठरवावं, मला इतकंच माहितीय की तीन दिवसांत तरंगा एकदा हलला आणि तोही वाऱ्यानं. आणि राफ्टवाले, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं, सकाळी एकामागून एक तराफे, त्यात ओरडणारी पोरं, "काका काही मिळालं का?" मिळत होतं रे बाळा, तू यायच्या आधी. पण रात्री छान असायचं. वारा तिकडचा असला तर कोलाड स्टेशनची गाडी ऐकू यायची, कोकण रेल्वेची ती ट्रक लादून नेणारी रो-रो, १९९९ पासून चालू आहे, आणि ओसरीवर पडल्या पडल्या अण्णा आवाजावरनं सांगायचे ही भरलेली आहे का रिकामी. खरं का खोटं कोण तपासणार.

पाडलं का, तर नियमात बसत नव्हतं. पूररेषा असतात दोन, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, आणि निळीच्या आत बांधकाम चालत नाही. हे अख्खं रिसॉर्ट निळीच्या आत. जुलै २०२१ ला, महाड-चिपळूण बुडालं त्याच आठवड्यात, इथे ओसरीवर छातीएवढं पाणी होतं, भिंतीवर खूण होती, मी बोट लावून पाहिलीय. अण्णा त्यानंतर वर्षभरात गेले. वहिनी मुलाकडे ठाण्याला. नोटीस आली तेव्हा मुलं भांडायला गेली नाहीत, आणि मला वाटतं बरोबर केलं. नदीच्या जागेत होतं ते, आम्हाला आवडायचं म्हणून ते नदीच्या जागेत नव्हतं असं होत नाही. वीस पावलांवरचा शोषखड्डा आठवतो आणि मग तर बोलायला तोंडच नाही.

पण पायऱ्या काढायची काय गरज होती कळलं नाही. रविवारी त्यासुद्धा उखडत होते. त्या कुणाला आडव्या येत नव्हत्या, पुराच्या पाण्यालाही नाही. ते दगडही विकले जाणार असणार, काळ्या घडीव दगडाला आता फार्महाऊसवाले चांगला भाव देतात.

रेटिंग द्यायचं तर चार. एक संडासाच्या दारासाठी कापला.

आणि आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. मॅप तुम्हाला अजूनही थेट त्या काठावर नेतो, आणि रस्ता उघडा आहे. मी उभा होतो तेव्हा जेसीबीवाल्याचा हेल्पर, वीस-बावीसचा पोरगा, खाली नदीत अंघोळीला उतरला होता, मोबाईलवर गाणी लावून, आरामात. मी आंब्याकडे बघितलं, रूळ नव्हता, भंगारवाल्यानं किलोवर नेला म्हणे. चुन्याचा दगड होता पण चुना दोन पावसाळ्यांत धुऊन गेलेला, तो कुठला ते माहीत असलेल्यालाच ओळखू येणार. आणि पाणी चढत होतं, मला दिसत होतं. मी हाका मारल्या पण मशीनच्या आवाजात काय ऐकू जाणार. तेवढ्यात वाडीच्या बाजूनं मामा आले, आता काठी घेऊन चालतात, काठावर उभे राहिले आणि असे ओरडले की पोरगा साबण टाकून वर पळाला.

मी विचारलं, "मामा, तुम्ही रोज येता का इथे?" म्हणाले, "मग काय सायेब, पानी तर रोज येतंय."

तेव्हा जाऊ नका. गेलातच तर खाली उतरू नका, लहान मुलांना तर अजिबात नको, सकाळी तर नाहीच. आणि काठीवाले एक म्हातारे ओरडताना दिसले तर वाद न घालता वर या.