खांद्याच्या ऑपरेशननंतर धनुष्याची शिकार: पाउंडेज उतरवायचं, क्रॉसबो घ्यायचा की हात बदलायचा?

रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायू आणि त्यांच्या कंडरा) शिवून घेतलेल्या शिकाऱ्यासमोर हंगाम तोंडावर आला की तीन वाटा असतात. जुनंच कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर, उतरवून वापरायचं, क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) घ्यायचा किंवा दुसऱ्या हाताने मारायला शिकायचं. या तिन्हींची तुलना बहुतेक जण ‘ओढायला किती जड’ एवढ्यावरच करतात. माझ्या मते आधी बघायला हवं ते ओढलेली दोरी बाण न सोडता परत नेणं. मैदानावर ही वेळ क्वचित येते, रानात नेहमीच. हरीण टप्प्यात येतं, तुम्ही ओढून अँकरला, म्हणजे गालाजवळच्या ठरलेल्या जागी, पोचता आणि तेवढ्यात ते झाडाआड जाऊन उभं राहतं. हात थरथरेपर्यंत धरायचं आणि मग मुकाट्याने दोरी पुढे न्यायची.

कंपाउंडचा तोटा इथेच दिसतो. ६० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा जोर) असेल तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर जेमतेम १२ पौंड उरतात, म्हणून ते खांद्याला सोपं वाटतं. परत नेताना मात्र कॅम (टोकांची चाकं) उलटे फिरतात आणि दोन-चार इंचांतच ते १२ पौंड पुन्हा ६० होतात. हात पुढे खेचला जातो. शिवलेल्या कंडरेला नेमका असाच हिसका नको असतो. लेट-ऑफ जितका जास्त आणि कॅम जितका आक्रमक, तितका हिसका मोठा. त्यामुळे ‘९० टक्के लेट-ऑफ, आता खांद्याची काळजी नको’ असं कोणी सांगितलं तर आधी ते धनुष्य ओढून, परत नेऊन बघा. मऊ कॅम आणि ८०च्या आसपास लेट-ऑफ हा दुखऱ्या खांद्यासाठी जास्त शहाणा सौदा आहे.

पाउंडेज उतरवण्यालाही मर्यादा आहे. ७० पौंडांचं धनुष्य लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट सैल करून साधारण ६०पर्यंत येतं. कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे बोल्ट सैल केला तर लिंब निसटू शकतो. ४०-४५ पौंडांवर यायचं असेल तर हलके लिंब किंवा वेगळंच धनुष्य लागतं. त्यापाठोपाठ बाकीचं येतंच: जुने बाण आता जास्त ताठ पडतात म्हणून मऊ स्पाइनचे (कमी ताठ) घ्यायचे, साइटच्या (नेम धरायच्या) पिना नव्याने लावायच्या आणि टप्पा जवळ आणायचा. उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाची धारदार टोकं) उघडण्यातच थोडी ताकद खातात, त्यामुळे कमी पाउंडेजवर स्थिर पात्याचा, टोकापासून कापत जाणारा ब्रॉडहेड आणि जरा जड बाण बरा. शिवाय कायद्याची किमान मर्यादा असते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती ३५ किंवा ४० पौंड आहे. तेवढं नीट ओढता येत नसेल तर या हंगामापुरता हा पर्याय बाद.

रिकर्व्हबद्दल (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) थोडक्यात: दोरी परत नेताना वजन हळूहळू कमी होतं, हिसका नाही. पण सगळं वजन अँकरलाच, खांदा सर्वांत मागे गेलेला असताना धरावं लागतं. ४५ पौंडांचं रिकर्व्ह तुमच्या ओढीच्या लांबीवर ४५ भरत असेल तर धरायलाही ४५च. ऑपरेशननंतर पहिल्याच हंगामात मी ते सुचवणार नाही.

क्रॉसबोला दोरी धरून ठेवायचा प्रश्नच नाही. ती ट्रिगरच धरतो. दोरी चढवणं हे मात्र खरं काम. १८० पौंडांचा क्रॉसबो हुकांच्या दोरखंडाने चढवला तर जोर निम्म्यावर येतो, तरी प्रत्येक हाताच्या वाट्याला पंचेचाळीसेक पौंड येतातच, तेही वाकून. म्हणून खांद्यासाठी घ्यायचा तर क्रॅंक (दोरी चढवायची फिरती मूठ) असलेलाच घ्या. मग फारशी ताकद लागत नाही, फक्त वेळ जास्त लागतो आणि थोडा आवाज होतो. दुसरी गोष्ट वजनाची. सज्ज क्रॉसबो तीन ते चार किलोपर्यंत जातो आणि तोल पुढे असतो. पुढचा हात ऑपरेशनचा असेल तर टेकूची काठी किंवा तिपाई हवीच. गळपट्टीच्या हाडावर प्लेट असेल तर दस्ता नेमका तिथेच टेकतो, हे दुकानात खांद्याला लावून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. दिवसअखेर बरेच क्रॉसबो बाण जमिनीत किंवा टार्गेटमध्ये मारूनच उतरवावे लागतात. दोरी सुटते तेव्हा अंगठा कायम रेलच्या (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) खाली. आणि काही ठिकाणी धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला वैद्यकीय परवाना लागतो, तेव्हा अर्ज आधी करा.

हात बदलणं ऐकायला सर्वांत चोख वाटतं. पण दुखरा हात त्यातून सुटत नाही. ओढणारा उजवा खांदा शिवला असेल तर आता तोच हात पुढे सरळ राहून साइट, क्विव्हर (भाता) धरून दोन-अडीच किलोचं धनुष्य पेलणार. त्यात डोळ्याचं प्राबल्य बदलत नाही. उजव्या डोळ्याच्या माणसाला डाव्या हाताने नेम धरताना एक डोळा झाकावा लागतो. नवं धनुष्य, नवा रिलीज (दोरी सोडायचं साधन), नवी सवय. ज्यांचा खांदा कायमचा कमजोर राहणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय आणि ज्यांना वर्षभर थांबायची तयारी आहे, त्यांच्यासाठीच हा रस्ता.

वेळेचा हिशेब तिन्हींना सारखाच. साधारण चार ते सहा आठवडे स्लिंग, ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास, धनुष्य बहुधा चार ते सहा महिन्यांनंतर. फाटलेला भाग मोठा असेल तर आणखी उशिरा. दुखणं कंडरा हाडाला पक्की चिकटण्याच्या बरंच आधी थांबतं, म्हणून ‘आता दुखत नाही’ यावर जाऊ नका. तारीख सर्जन आणि फिजिओ ठरवतील.

त्यांनी हो म्हटल्यावर खुर्चीवर बसा, समोर जवळच टार्गेट ठेवा आणि बाण लावूनच ओढा. धनुष्य आकाशाकडे न उचलता, सरळ समोर धरून. थोडं थांबा आणि सावकाश परत न्या. परत नेताना हात खेचला गेला किंवा त्या रात्री कुशीवर झोपताना खांदा ठणकला, तर पाच पौंड उतरवा आणि पुन्हा बघा. कायद्याच्या मर्यादेवर येऊनही तेच होत असेल, तर या वर्षी क्रॅंकवाला क्रॉसबो घ्या आणि झाडावरच्या मचाणाऐवजी जमिनीवरचा आडोसा निवडा. दुखऱ्या खांद्याने शिडी चढणं धनुष्य ओढण्याइतकंच अवघड असतं, आणि तिथून पडलात तर दुसरं ऑपरेशन ठरलेलंच.