उपकेंद्रातली मोफत तोंड तपासणी: जरूर जा, पण चिठ्ठी घेऊन घरी बसू नका

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे. तिथं तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगरबरोबर तोंडाचीही तपासणी फुकट होते. बीपीला बायका रांग लावतात, तोंड उघडा म्हटलं की पदर लावतात. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या तेव्हा आमच्या आत्याही (म्हणजे माझ्या सासूबाई) हेच म्हणाल्या, "अगं, चारच दात उरल्यात, त्यात काय बघायचं?"

बघायचं असतं ते दातांच्या आजूबाजूचं. आत्या लग्नानंतर मिश्री लावायला लागल्या, ती आजतागायत. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरडीवर घासायची. सोलापूर जिल्ह्यात कुणाला बार्शीला नेलंय म्हटलं की ऐकणारा गप्प होतो, इतकी माणसं त्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन आलीत. म्हणून मी ऐकलं नाही, आत्यांना घेऊनच गेले.

तपासणीला पूर्ण मार्क. सीएचओ (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी हातमोजे घालून आत्यांना दारातल्या उजेडात बसवलं आणि वरची कवळी काढायला लावली. कवळी तशीच ठेवून कुणी तोंड बघत असेल तर तुम्हीच काढून ठेवा, टाळू त्याशिवाय दिसत नाही. मग बॅटरी आणि लाकडी पट्टी. ओठ उलटून, दोन्ही गाल ताणून, हिरड्यांवरून उजेड फिरवत सगळं पाहिलं. जिभेचं टोक गॉजमध्ये धरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ओढली, कारण जिभेच्या कडांवरचं नुसतं 'आ' केल्यावर दिसत नाही. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहिली आणि शेवटी मानेला बोटांनी चाचपून गाठ आहे का बघितलं. जेमतेम पाच मिनिटं लागली असतील.

खालच्या ओठाच्या आत, मिश्रीचं बोट जिथं रोज फिरतं तिथंच, एक पांढरट खरखरीत चट्टा निघाला. मॅडमनी तो गॉजनं घासून दाखवला. दुधाची साय किंवा बुरशी असती तर पुसली गेली असती, हा गेला नाही. आत्यांना तो ना दुखत होता, ना झोंबत होता. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आमच्याकडे कोण दवाखान्यात जातं?

"नर्सबाईला काय कळतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ 1996 पासून 13 पंचायत विभागांत याचा मोठा अभ्यास झाला. तिथं तोंड तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते आणि तपासणी उजेडात डोळ्यांनीच व्हायची. 2005 मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तपासणी झालेल्या गटात तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू 34 टक्के कमी होते. इतक्या कमी खर्चात इतकं मिळत असेल तर लाजून घरी बसण्यात काय अर्थ आहे?

आता तक्रार. मॅडमनी मोठ्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, पण ते कुठल्या वारी बसतात ते चिठ्ठीवर नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हते. एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी आत्यांचे गुडघे अर्ध्यात येत नाहीत, आणि माझी मजुरी बुडाली ती वेगळीच. गावातल्या निम्म्या बायकांची चिठ्ठी अशीच डब्यात पडून राहते. चट्टा सापडला आणि पुढं कुणी पाहिलाच नाही तर त्या पाच मिनिटांचा उपयोग काय? चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहिणं, महिन्याभरानं आशाताईंनी "जाऊन आलात का" एवढं विचारणं, याला पैसाही लागत नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले आणि त्यांनी छान समजावलं. तुटक्या दाताची गालाला घासणारी धार घासून बोथट केली. मिश्री बंद करायला सांगितली. सवय सुटली की असे बरेच चट्टे कमी होतात, सगळे होत नाहीत, म्हणून परत बोलावलंय. तेव्हाही तसाच असला तर तुकडा काढून तपासायचा.

दुसरी तक्रार वयाची. यादी तिशीपासून सुरू होते, पण मावा आणि गुटखा खाणारी पोरं विशीतली आहेत. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पुड्या मात्र मिळतात. शेजारच्या पोराला मी सोबत नेलं होतं. मॅडमनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. मावा-गुटख्यातल्या सुपारीनं गाल आतून आवळत जातात आणि तोंड उघडेनासं होतं, पुढं त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. यादीत नाव नसताना मॅडमनी त्याला तपासलं याबद्दल त्यांचे आभार, पण हे त्यांच्या मर्जीवर असू नये.

आत्यांनी मिश्री सुरू केली ती दाढ दुखत होती म्हणून. तेव्हा गावाजवळ दातांचा डॉक्टर असता तर कदाचित ती डबी घरात आलीच नसती. म्हणून माझं सरकारला सांगणं आहे की उपकेंद्रात तोंड बघता तसं महिन्यातून एकदा दात बघणाराही पाठवा.

एकूण पाचपैकी चार मार्क. तुम्ही गेलात तर कवळी काढा, जिभेच्या कडा बघायला सांगा आणि चिठ्ठी मिळाली तर डॉक्टरांचा वार तिथंच विचारून घ्या. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर शिबिराची वाट बघू नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर पुडीवरच छापलेला 1800-11-2356 हा नंबर फुकट लागतो.